अठरा इंचाचा पत्रा

युनूसभाईंना लकवा आला तेव्हा त्यांच्या हातात एका बाईची चाळणी होती. मंगरूळपीरच्या बाजारात, दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक अरुंद खोली, आत पत्रे आणि हत्यारं, बाहेर टांगलेल्या कोठ्या, पेट्या, नरसाळी. तीस वर्षं ते तिथे बसून पत्रा कापत, मोडत, ठोकत होते. ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी चाळणी हातातून निसटली, ती उचलायला ते वाकले आणि तसेच कलंडले. शेजारच्या चपलांच्या दुकानदारानं त्यांना ऑटोत घातलं.

त्यांची मुलगी उजमा तेव्हा कॉलेजात होती, बारावी सायन्सच्या वर्गात. शिपाई तिला बोलवायला आला. ती दप्तर भरून, बाटलीचं झाकण नीट लावून निघाली. बाटलीचं झाकण तिला पक्कं आठवतं. दवाखान्यापर्यंत कशी गेली ते आठवत नाही.

वाशीमच्या दवाखान्यात सोळा दिवस काढून अब्बा घरी आले. उजवा हात आणि उजवा पाय हलत नव्हता. बोलणं गेलं होतं. "हं" एवढा एकच आवाज निघायचा, आणि तो होकार आहे की नकार हे चेहऱ्यावरून ओळखावं लागायचं. पुढच्या खोलीत खिडकीखाली त्यांची खाट टाकली. हैदराबादला गॅरेजात कामाला असलेला उजमाचा मोठा भाऊ उजैर आठ दिवस राहिला आणि परत गेला. जाताना दुकानाची किल्ली अम्मीजवळ देऊन म्हणाला, "कोणाले तरी देऊन टाका. आता कोण बसणार हाय तिथं?"

अम्मी, म्हणजे सितारा, पहिले काही दिवस खूप रडली. मग तिचं रडणं काम करता करता व्हायला लागलं, भाजी चिरताना, पायजमा पिळताना. उजमाला रडू आलं नाही. ती अब्बांना भरवायची, तोंड पुसायची, कुशीवर वळवायची आणि वेळेवर कॉलेजात जायची. भेटायला येणाऱ्या बाया तिच्याकडे बघून म्हणायच्या, "पोरगी मजबूत आहे बाई." उजमाला वाटायचं, मजबूत म्हणजे असंच असेल. तिला भूक लागायची नाही, पण समोर ताट आलं की ती ते संपवायची. एकदा चहात साखरेऐवजी मीठ पडलं होतं. अर्धा कप पिऊन झाल्यावर अम्मीनं स्वतःचा कप तोंडाला लावला आणि ओरडली. उजमाला काही कळलंच नव्हतं.

बाकी विषयांची पुस्तकं उघडली की ओळी नुसत्या पुढे सरकायच्या. गणिताचं तसं नव्हतं. गणितात काही वाटावं लागत नव्हतं. पहिली पायरी लिहिली की दुसरी तिच्यातूनच यायची. म्हणून ती गणितच करत बसायची.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गणिताच्या रत्नमाला मॅडमनी मॅक्झिमा-मिनिमा शिकवायला घेतलं. मॅडम वाशीमहून रोज एसटीनं यायच्या आणि पहिल्या तासाला त्यांच्या साडीला बसमधल्या गर्दीच्या चुण्या असायच्या. त्यांनी फळ्यावर एक चढती-उतरती रेघ काढली.

"इथं चढून राह्यली, इथं उतरून राह्यली," त्या म्हणाल्या. "मधात एका ठिकाणी ना चढ, ना उतार. तिथं डेरिव्हेटिव्ह शून्य. पण शून्य आलं म्हणजे लगेच मॅक्झिमम लिहून मोकळं व्हायचं नाही. खड्ड्याच्या तळाशीही शून्यच येते. दुसरं डेरिव्हेटिव्ह काढा, चिन्ह पाहा, मग बोला."

मग त्यांनी डब्याचं उदाहरण दिलं. चौरस पत्रा घ्यायचा, चारही कोपऱ्यांतून सारखे छोटे चौरस कापून काढायचे, उरलेल्या बाजू वर मोडायच्या. वरून उघडा डबा होतो. कोपरे लहान कापले तर डबा उथळ होतो, मोठे कापले तर तळ बारीक होतो. केवढे कापले म्हणजे डब्यात जास्तीत जास्त मावेल?

पत्रा हा शब्द ऐकून दोन-तीन पोरींनी उजमाकडे पाहिलं. उजमा उदाहरण उतरवून घेत होती. घरी येऊन तिनं त्या स्वाध्यायातली सगळी गणितं केली. दुसऱ्या दिवशी परत केली, तिसऱ्या दिवशी परत. मॅडमनी वही तपासली तेव्हा एकच गणित तीन-तीनदा सोडवलेलं त्यांना सापडलं, तिन्ही वेळा बरोबर.

"अगं, एकदा आलं न उत्तर, मग परत काहून करतेस?"

"काही नाही मॅडम. असंच."

मॅडमनी वही मिटली. "घरी कसं आहे?"

"ठीक आहे," उजमा म्हणाली आणि वही घेऊन जागेवर गेली.

नोव्हेंबरच्या शेवटी मोहनसिंग घरी आले. बसस्टँडजवळ त्यांचं फरसाणाचं दुकान होतं. अब्बांची आणि त्यांची जुनी ओळख. खाटेजवळच्या स्टुलावर ते बसले, अब्बांचा डावा हात हातात घेतला, आणि निघेपर्यंत तो धरून राहिले. निघायच्या वेळी दारात अम्मीला हळूच म्हणाले, "भाभी, राग नका मानू. युनूसभाईजवळ माह्या पत्र्याचे बारा तुकडे पडेल हायेत. शेवा-चिवड्याचे डबे करायचे होते. आता नाही होणार, मले समजते. पण पत्रा मिळाला तर दुसऱ्या कोणाकडून करून घेतो."

"घेऊन जा न भाऊ," अम्मी म्हणाली. "मी किल्ली देतो."

उजमा आतल्या दारात उभी होती. "कसे डबे पाहिजे होते काका?" तिनं विचारलं.

मोहनसिंग वळले. "वरून उघडे. एका तुकड्याचा एक डबा, मधात जोड नाही. जेवढा जास्त माल मावन तेवढा बरा, बस. युनूसभाईले एवढंच सांगितलं होतं."

"तुकडे केवढे आहेत?"

"अठरा इंच. चौरस."

"राहू द्या," उजमा म्हणाली. "मी करते."

अम्मी तिच्याकडे बघतच राहिली. उजमालाही तो आवाज जरा बाजूनं आल्यासारखा वाटला. मोहनसिंग हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. "पाहा बेटा," एवढंच म्हणून गेले. बहुतेक त्यांना वाटलं असेल की पोरगी चार दिवसांनी स्वतःच तुकडे आणून देईल.

त्या दुपारी उजमानं गणित मांडलं. कोपऱ्यातून x इंच कापले तर डब्याची उंची x, तळाची बाजू अठरा वजा दोन x. डेरिव्हेटिव्ह शून्य केलं. दोन उत्तरं आली, तीन आणि नऊ. नऊ इंच कापले तर पत्राच उरत नव्हता. ते मिनिमम. तीनला दुसरं डेरिव्हेटिव्ह ऋण आलं. तीन इंच. बारा इंचाचा तळ, तीन इंचाची उंची, चारशे बत्तीस घन इंच. उत्तराला तिनं चौकट केली.

रविवारी तिनं दुकान उघडलं. शटर अर्ध्यावर अडकायचं ते तसंच अडकलं. आत तेलाचा आणि गंजाचा वास होता. त्या वासानं काहीतरी होईल, असं तिला वाटलं होतं. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, पण काहीच झालं नाही. मग तिनं मोहनसिंगच्या तुकड्यांतला एक काढला, खिळ्यानं तीन-तीन इंचांवर रेघा ओढल्या आणि अब्बांची मोठी कातर घेतली. लहानपणी ती त्यांना पत्रा धरू लागायची, पण कातर कधी चालवली नव्हती. कातर जड होती आणि कडेला आली की वाकडी धावायची. चार कोपरे कापायला पाऊण तास गेला. रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर पत्रा ठेवून, लाकडी हातोड्यानं ठोकून तिनं बाजू वर मोडल्या.

डबा झाला. पण चारही कोपऱ्यांत उभी फट होती. बारीक शेव त्यातून गळली असती. वरची कड इतकी धारदार होती की तिच्या ओढणीचा धागा त्यात अडकून तुटला.

तिनं तो डबा घरी नेला आणि अब्बांना दिसेल असा त्यांच्या पोटाजवळ ठेवला. "मोहनसिंग काकांचा," ती म्हणाली.

अब्बांनी डब्याकडे पाहिलं. डावा हात पुढे करून कोपऱ्याच्या फटीत बोट घातलं. मग त्यांच्या घशातून आवाज आला. नेहमीचा "हं" नव्हता तो. मोठा, खरखरीत, रागाचा होता. स्वयंपाकघरातून अम्मी धावत आली.

"काय झालं? काय केलं तू त्याहिले?"

"काही नाही. डबा दाखवला."

अब्बांनी डबा हातानं लोटला. तो फरशीवर पडून गोल फिरत थांबला. ते तिच्या वहीकडे बोट करत होते. वही स्टुलावर पडलेली होती.

"वही पाहिजे?"

"हं."

तिनं वही पुढे धरली. अब्बांनी उघडं पान मुठीत धरलं आणि ओढलं. पान टर्रकन फाटलं. त्यावर अर्ध्यापर्यंत गणित होतं, शेवटी चौकटीतलं तीन. अब्बांनी ते पान छातीवर ठेवलं आणि एका हातानं त्याची कड मोडायला लागले. कागद सरकत होता. उजमानं दुसरी बाजू धरली.

आधी कागदाची कड त्यांनी बोटाच्या पेराएवढी आत दुमडली, चारही बाजूंनी. नखानं दाबून दाबून. मग बाजू वर उभी केली. कोपऱ्याशी आल्यावर ते थांबले आणि उजमाकडे पाहिलं. तिनं कातरीसारखी दोन बोटं कोपऱ्याकडे नेली, तसा त्यांनी तिचा हात झटकला. कोपरा कापायचाच नव्हता. तो मधोमध चिमटीत धरून कर्णावर दुमडायचा, त्याचा त्रिकोणी कान करायचा आणि तो कान बाजूला चपटा बसवायचा. त्यांनी एक कान केला. मग दुसरा उजमाला करायला लावला. तिचा तिरपा झाला. "हं," अब्बा म्हणाले, आणि तिनं तो उलगडून परत केला.

चारही कोपरे झाले तेव्हा अब्बांच्या कपाळावर घाम आला होता. कागदाचा डबा त्यांच्या छातीवर होता, श्वासाबरोबर वरखाली होत होता. कुठेही फट नव्हती. काहीही कापलेलं नव्हतं.

अम्मी भिंतीला टेकून तोंडावर पदर धरून उभी होती. उजमानं तिच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की इथे रडायला पाहिजे. तिनं वाट पाहिली. मग ती म्हणाली, "अब्बा, उंची किती ठेवायची?"

अब्बांनी डावा खांदा उडवला आणि डोळे मिटले. थकले होते.

कड दुमडायची म्हणजे गणित बदललं होतं. अर्धा इंच पत्रा कडेत जाणार होता. उंची आता x नव्हती, x वजा अर्धा होती. तिनं परत मांडलं. या वेळी उत्तर आलं दहा भागिले तीन, म्हणजे तीन आणि एक तृतीयांश. हे उत्तर तिला पटेना, कारण असं गणित पुस्तकात कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिनं वही मॅडमकडे नेली.

रत्नमाला मॅडमनी टीचर्स रूममध्ये उभ्याउभ्याच ते वाचलं, मग बसून परत वाचलं. "हे कुठून आणलंस?"

उजमानं सांगितलं. मोहनसिंगचे बारा तुकडे, फटीचा डबा, अब्बांनी फाडलेलं पान. एका ओळीमागे एक ओळ, गणिताच्या पायऱ्या सांगाव्यात तसं. मॅडमनी उत्तरावर बरोबरची खूण केली.

"बरोबर आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "तंतोतंत."

"पण फूटपट्टीवर एक तृतीयांश नाही मॅडम. तिच्यावर सूत आहे, इंचाचा आठवा भाग. तीनवर दोन सूत होते, नाहीतर तीन सूत."

"तीन सूत घे. बिनधास्त घे. माथ्याजवळ थोडं इकडेतिकडे झालं न, तरी फारसं काही जात नाही. करून पाहा."

तिनं करून पाहिलं. फरक एका घन इंचाच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी होता.

मॅडम म्हणाल्या, "परीक्षेत मात्र पुस्तकातल्यासारखंच लिहायचं. पेपर तपासणाऱ्याले कड नाही समजत." मग म्हणाल्या, "उजमा, तुले काही बोलायचं असलं तर मी चारच्या गाडीनं जातो. त्याच्याआधी इथंच असतो."

"हो मॅडम," उजमा म्हणाली. ती एकदाही गेली नाही. बोलायला तिच्याजवळ काही नव्हतं.

उरलेले अकरा डबे करायला तिला तीन रविवार लागले. पहिले दोन वाकडे झाले. पाचव्यापासून कान सरळ बसायला लागले. एकेक डबा झाला की ती घरी न्यायची, अब्बा त्याच्या कोपऱ्यांवरून, कडेवरून बोट फिरवायचे. जिथे बोट अडायचं तिथे ती खडूनं खूण करायची आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर परत ठोकायची. रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे. चपलांचा दुकानदार एकदा म्हणाला, "तू काहून करून राह्यली व माय, भावाले बोलाव न." उजमा ठोकत राहिली. ठोकताना डोक्यात फक्त आवाज असायचा आणि त्यामुळे बरं वाटायचं, किंवा वाईट वाटायचं नाही.

मोहनसिंग डबे न्यायला आले. त्यांनी एकेक उलटापालटा करून पाहिला. "बारावा?"

"तो बिघडला काका. मी कोपरे कापले होते."

"जाऊ दे." एक डबा हातात धरून ते खाटेजवळ गेले. "युनूसभाई, पोरीनं बराबर तुमच्यासारखा कान मोडला हाय."

अब्बा छताकडे बघत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानाकडे गेलं. लकव्याच्या माणसाला असं उगाच पाणी येतं, असं डॉक्टरनं सांगितलं होतं. उजमानं रुमालानं ते पुसलं.

जानेवारीत दुकान दुसऱ्याला गेलं. एका तरुणानं तिथे मोबाईलची कव्हरं आणि काचा विकायला घेतल्या. अम्मीनं आणि उजमानं दोन ऑटोत हत्यारं घरी आणली. उजमा करेल हे काम, असं कोणी म्हटलं नाही. तिनंही म्हटलं नाही. अकरा डब्यांनी हाताला घट्टे पडले होते, आणि बारावीचा पेपर दीड महिन्यावर होता.

परीक्षेत मॅक्झिमा-मिनिमावर कुंपणाचं गणित आलं. ठरलेल्या लांबीची तार, आयताकृती बाग, क्षेत्रफळ जास्तीत जास्त. उजमानं ते सहा ओळींत सोडवलं आणि पुढच्या प्रश्नाकडे गेली. मे महिन्यात निकाल लागला. गणितात शंभरात ब्याण्णव, बाकी विषयांत जेमतेम पास. मॅडमचा फोन आला. त्या खूप बोलल्या. वाशीमला बी.एस्सी.ला फॉर्म भर, गणित घे, बसचा पास निघतो, मी येतो रोज त्याच रस्त्यानं, आपण सोबत नाही पण उलट्या दिशेनं जाऊ. त्यांना हसू आलं. उजमाही हसली, कारण तिथे हसायचं होतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, अम्मी दळण आणायला गेली होती. उजमानं अब्बांना उशीला टेकवून बसवलं आणि त्यांची नखं कापायला घेतली. आधी उजवा हात घेतला, कारण तो हलत नाही, सोपा जातो. तिनं त्यांना सांगायला सुरुवात केली, वाशीम, बी.एस्सी., पहिली बस साडेसहाची. अब्बा ऐकत होते. मधेच "हं" म्हणत होते. करंगळी झाली, तिच्याशेजारचं झालं.

मधल्या बोटाशी ती बोलता बोलता थांबली. नेलकटरला ओलं काही लागलं होतं. नखाखाली मांस कापलं गेलं होतं, चांगलंच खोल. रक्त बोटावरून तळहातावर आलं होतं, तिथून चादरीवर.

तिनं वर पाहिलं. अब्बा अजून ऐकत होते. साडेसहाच्या बसनंतर ती पुढे काय सांगते याची वाट पाहत होते. त्यांना माहीतच नव्हतं.

"अब्बा," ती म्हणाली. "अब्बा, रक्त निघालं."

त्यांनी मान वाकवून हाताकडे पाहिलं. दुसऱ्या कोणाचा हात असावा तसं.

उजमानं ओढणीचं टोक त्या बोटाला गुंडाळलं आणि घट्ट दाबून धरलं, आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला की तिचा तिलाच तो ओळखू आला नाही. मग थांबेना. ती खाटेच्या काठावर डोकं टेकून रडत राहिली. ऑगस्टपासूनचं सगळं एकदम आलं, चाळणी, दवाखान्याचा जिना, मिठाचा चहा. बोट तिनं सोडलं नाही. अब्बांचा डावा हात तिच्या डोक्यावर आला. तो नीट ठेवता येत नव्हता, केसांवरून घसरायचा, ते परत उचलून ठेवायचे.

दळणाची पिशवी डोक्यावर घेऊन अम्मी दारात आली. तिनं चादरीवरचं रक्त पाहिलं, उजमाची पाठ पाहिली, आणि नवऱ्याकडे पाहिलं. अब्बांनी डोळ्यांनीच तिला सांगितलं, थांब. ती पिशवी खाली ठेवून उंबऱ्यावर बसली.

बऱ्याच वेळानं उजमानं तोंड पुसलं, डबीतली हळद आणून बोटाला लावली आणि फडक्याची पट्टी बांधली. नाक लाल झालं होतं. "मले लय भूक लागली," ती अम्मीला म्हणाली.

"पीठ मळतो," अम्मी म्हणाली आणि उठली.

अब्बांनी डावा हात पुढे केला होता. त्याची नखं राहिली होती.